शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

— सही करणार नाही असं मी कुठं म्हणालो? आधी बस, असं म्हणालो. तोरणमाळहून पहाटेची जीप, मग शहाद्यापर्यंत उभ्यानं बस, आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या सही मागायची — अशी सही तर बँकेतसुद्धा कोणी देत नाही, बेटा. बस. त्या खुर्चीचा एक पाय हलतो, भिंतीला टेकून बस म्हणजे पडणार नाहीस. अवं, चहा ठेव वं दोन कप! हिरीबाईनी पोर उनी शे, रविना! — बघ, आईचं नाव घेतलं आणि आत भांड्यांचा आवाज बंद झाला. आमच्या रंजनाबाईचं असं आहे, ऐकायचं असलं की ती आधी भांडी खाली ठेवते. ऐकू दे. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?

कागद मी वाचलाय. तू देतानाच वाचला, चारच तर ओळी आहेत. ‘मी, सुकलाल, निवृत्त लिपिक, लिहून देतो की हिरीबाईने चार महिने सलग मूल खंगत आहे असे लिहिले होते. ते मी खोडले व प्रकृती स्थिर असे लिहिले. हिरीबाईने खाडाखोड केलेली नाही.’ संपलं. आता याला मसुदा म्हणायचं? वर विषय नाही, संदर्भ नाही, कुठल्या पत्राला अनुसरून ते नाही. आणि सुरुवातच ‘मी’नं! चौतीस वर्षं नोकरी केली, ‘मी’ हा शब्द फक्त रजेच्या अर्जात लिहिला. बाकी सगळं ‘या कार्यालयाने’. तू बी.ए. ना? मग? बी.ए. झालेल्या माणसानं कागद असा उघडावाघडा आणायचा नसतो. — हो, ठाऊक आहे. उद्या अकराला नंदुरबारला सुनावणी आहे. हे शेवटचं अपील, यात आईला काढलं ते कायम झालं की पुढं दार नाही. सगळं ठाऊक आहे मला. आई नंदुरबारलाच थांबलीय ना, पाहुण्यांकडं? जेवते का नीट? — बरं, नको सांगू. सहज विचारलं.

पाड्यावर अजून तसंच आहे? म्हणजे — रूपलीबाई, त्या पोरीची आई, बोलत नाही तिच्याशी? कोणीच? होळीच्या नाचातसुद्धा कोणी हात धरत नाही. हं. मला कोणीतरी सांगितलं होतं, मी म्हटलं लोक वाढवून सांगतात. चिंचबारीपाड्याची अर्धी पोरं तिच्या तराजूच्या झोळीत बसून मोठी झाली, आणि आता तीच बाई म्हणे पोर मरत होतं आणि वहीत बरं आहे लिहीत होती. नाही, नाही, मी नाही म्हणत तसं. निकालात तसं लिहिलंय. निकालातली भाषा मात्र चांगली आहे, कोणीतरी बसून लिहिलेली. ‘सेविकेने स्वतःच्याच नोंदीत खाडाखोड करून वस्तुस्थिती दडवली.’ कसं वजनदार वाटतं.

तुला एक सांगू? तो शब्द तिला मी दिला. तुझ्या आईला. तिला अंगणवाडी सेविका म्हणून लागून सहा महिने झाले असतील. महिनाअखेरीला सगळ्या सेविका तक्ते घेऊन खाली यायच्या, माझ्या टेबलापुढं रांग. बाकीच्या बाया तक्ता टाकायच्या आणि बाजाराला पळायच्या. ही उभीच. मला म्हणाली, नाना, एक विचारू का — पोराला ताप नाही, जुलाब नाही, रडतबिडत नाही, पण मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात थोडं कमी आहे, आणि पुढच्या महिन्यात आणखी थोडं कमी होणार असं मला दिसतं. याला मराठीत काय लिहायचं? आमच्या बोलीत शब्द आहे, म्हणाली, आणि तो शब्द तिनं सांगितला, हातानं करूनही दाखवला — मुठीतलं धान्य बोटांच्या फटीतून सुटावं तसं. मी म्हटलं, बोलीतलं शेऱ्यात चालत नाही, कार्यालयीन भाषा मराठी. तो तिचा शब्द काही मी लिहून घेतला नाही. तुला येत असेल. — नको. राहू दे, सांगू नको आता.

मग मी तिला बसवलं आणि नीट समजावलं. मला कोणी शब्द विचारायला येत नसे गं. साहेब लोक यायचे ते ‘नाना, यात कसं बसवायचं’ एवढंच विचारायला. मी म्हटलं, हे बघ हिरीबाई. वाळणं निराळं. वाळलेलं माणूस काटक असतं — माझी मामी जन्मभर वाळलेली, नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खायची. झिजणं वस्तूचं. उंबरा झिजतो, चप्पल झिजते, फार तर कारकून झिजतो. थकणं झोपेनं जातं. खचणं एका दणक्यात होतं, विहीर खचते, वाईट बातमीनं माणूस खचतो. तुला पाहिजे तो शब्द खंगणं. त्याला आवाज नाही आणि सुरू झाल्याची तारीख नाही. ज्याच्या घरात चालू असतं त्याला दिसत नाही, कारण तो रोज बघतो. आई रोज पोराला कडेवर घेते, तिला कसं कळणार की कडेवरचं कमी झालं? महिन्यानं बघणाऱ्याला ते कळतं. म्हणून म्हटलं, हा शब्द घरच्या माणसाचा नाही, तराजू घेऊन महिन्यातून एकदा येणाऱ्या बाईचा आहे, तुझाच आहे तो. आणि वेळ असताना वापरायचा. सगळं झाल्यावर ‘खंगून गेला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

काय लक्ष देऊन ऐकलं तिनं! हातावर लिहून घेतला, निळ्या पेननं. पुढं चार-पाच वर्षं, गरज पडली तेव्हाच वापरला. उगाच नाही. वर्षातून एकदा, दोनदा. मी बघायचो ना. जिथं जिथं तिनं लिहिला तिथं तिथं — तेव्हाचे साहेब वेगळे होते — गाडी वर गेली, पोर खाली आणलं, बरं झालं.

मग आले दिग्विजय साहेब. तरुण माणूस. हुशार. माझ्याशी फार अदबीनं, नाना याशिवाय बोलले नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, नाना, तुमचं अक्षर म्हणजे छापील, असं अक्षर बघितलं की कोणाला शंकाच येत नाही. आता तूच सांग, चौतीस वर्षांत कोणी माझ्या अक्षराकडं बघून — असो. त्या वर्षी जूनच्या तक्त्यात तुझ्या आईनं रूपलीबाईच्या मोतीपुढं लिहिलं, ‘खंगत आहे’. दीड वर्षाची पोर. वजन सात किलो नऊशे. कुपोषणाचा प्रवर्ग मध्यम. साहेब म्हणाले, नाना, हा काय शब्द? मोबाइलवर तीनच खाने आहेत, सामान्य, मध्यम, तीव्र. हा कुठं भरायचा? मी म्हटलं, साहेब, हा खान्याचा शब्द नाही. एका खान्यातून दुसऱ्या खान्याकडं पोर निघालेलं असतं, त्याचा शब्द आहे. हसले. म्हणाले, मागच्या महिन्यात पोर कुठल्या खान्यात होतं? मध्यम. या महिन्यात? मध्यम. मग काय झालं? काहीच नाही झालं. म्हणजे स्थिर. आता तर्क बघ, कुठं चूक काढशील? तक्त्याचा फोटो वर जायचा आणि वरून विचारणा आली असती — शब्द असा आहे, मग कारवाई काय केली? आणि पावसात वरचा रस्ता वाहून गेलेला, कारवाई कसली करणार. म्हणाले, तुमच्या अक्षरात करा. मी आहे ना.

मी बोललो ना! बोललो म्हणजे — बोलणार होतो, पण त्यांचा फोन आला. मोठ्या साहेबांचा होता, मध्ये कसं बोलणार. मग मी एक रेघ मारली, पट्टी लावून, आणि वर लिहिलं, ‘प्रकृती स्थिर’. जुलैला सात सातशे — खंगत आहे. रेघ. स्थिर. ऑगस्टला सात सहाशे. सप्टेंबरला सात चारशे. चारही वेळा मध्यमच बरं का, तीव्रच्या रेषेवर आणखी दोन बोटं होती. तीव्र झाली असती तर नियम होता, फोन गेला असता, गाडी गेली असती, वाहिलेल्या रस्त्यावरून झोळी करून आणली असती. मध्यमला नियम नाही. नियम नव्हता तिथं तुझ्या आईचा एक शब्द होता, तेवढाच. चारही वेळा साहेबांचा आदेश, मी फक्त हात. तेच म्हणतोय मी, तुझ्या कागदात हे कुठंच नाही. ‘मी खोडले.’ कोणाच्या सांगण्यावरून? जुलैला तरी साहेबांनी — जुलैला साहेब रजेवर होते. म्हणजे असं बघ, एकदा सांगितलं म्हणजे ते पुढच्याला लागूच असतं ना. दर महिन्याला काय विचारायचं? ऑफिस असं चालत नाही. ऑगस्टला मी विचारलं नाही. सप्टेंबरलाही नाही. एकदा सांगितलं होतं, पुरे.

सप्टेंबरला ती आली होती. तुझी आई. घाटात दरड होती, अर्धं अंतर पायी उतरून आली, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. टेबलापुढं उभी राहिली. रांग नव्हती, एकटीच. म्हणाली, नाना, मी लिहिलेलं वाचलं का तुम्ही? मी म्हटलं, वाचलं की. वापर अगदी बरोबर आहे.

असंच म्हणालो. वापर अगदी बरोबर आहे. ती थांबली होती. मला वाटलं आणखी काही शब्द-बिब्द विचारायचाय. मी खाली मान घालून शिक्का मारत होतो. मग मान वर केली तर नव्हती.

ऑक्टोबरच्या तक्त्यात मोतीपुढं वजनाचा खाना रिकामा होता.

— नाही, काही नाही. डोळ्यांत थेंब घालायचे असतात, सकाळचे राहिले. बस तू. उठू नको.

तर मला विचार, विश्वासघात कशाला म्हणतात. चौकशी लागली. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, नाना, काळजी करू नका, मी सगळं माझ्यावर घेतो. आणि दुसऱ्या दिवशी, भर चौकशीत, माझ्या समोर, माझ्याकडं न बघता — ‘मूळ तक्ते माझ्यापर्यंत येत नसत, दुरुस्ती लिपिकाच्या टेबलावर झाली असावी.’ असावी! ज्यांचा प्रत्येक मसुदा मी सुधारला त्यांनी माझ्यावर ‘असावी’ हा शब्द टाकला. मला विचारलं, हे अक्षर तुमचं? मी काय सांगणार? मी म्हटलं, माझ्या अक्षरासारखं दिसतं खरं, पण निश्चित सांगता येत नाही. — बघू नको अशी. चार महिन्यांवर निवृत्ती होती. मला शेवटी नुसती ताकीद मिळाली, आणि निरोप समारंभ झाला नाही. चौतीस वर्षं! शिपायालासुद्धा शाल आणि नारळ मिळतो. मी साडेपाचला टेबलाचा खण रिकामा केला, आणि चालत स्टँडवर गेलो. आणि दिग्विजय साहेब बढतीवर गेले तेव्हा मंडप, गुलाबजाम. मानपत्र कोणी लिहिलं माहितीये? मी. घरून बोलावून नेलं मला, अक्षर चांगलं म्हणून. गेलो मी. ‘संवेदनशील अधिकारी’ असं लिहिलं त्यात. हसतेस का? हस. माझी बायको तेव्हापासून हसतेय.

परवा त्यांचा फोन आला. हो, साहेबांचा. तीन वर्षांत पहिला. नाना, कसे आहात, तब्येत, वगैरे. म्हणाले, तुमच्या सत्काराचं राहूनच गेलं हो, मनाला लागून राहिलंय, या रविवारी करू, शहाद्यातच, चार माणसं बोलावू. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, मधल्या दिवसांत कोणी काही कागद घेऊन आलं तर तब्येतीचं सांगा. मी काय म्हणालो? मी म्हणालो, किती वाजता येऊ. — आता तुला हे सांगायचं नव्हतं मला. तू काही बोलत नाहीस, त्यामुळं होतं हे. दोन शब्द बोलली असतीस तर मी एवढा नसतो बोललो.

काय गं? — ही आतून म्हणते, तुमनं काय जाई ऱ्हायनं, करी टाका ना सही. माझं काय जातं! सगळ्यांना वाटतं माझं काही जात नाही. अवं, कपडा इस्त्री करी ठेवात तूच ना, रविवारना? मग? — लागली परत भांडी घासायला. बघितलंस, घरात, कचेरीत, कुठंही जा, माझ्या बाजूनं कोणी नाही. आणि तुझी आईसुद्धा! हो, तीसुद्धा. राग नको मानू, पण आज विषय निघालाच आहे. चौकशीत माझ्यानंतर तिला बोलावलं. तक्ते पुढं ठेवले, ही रेघ, हे ‘स्थिर’, कोणाचं अक्षर? पाच वर्षं ती माझ्याकडून शब्द शिकली. माझ्या हातचा कित्ता बघून ती ‘क्ष’ काढायला शिकली. अख्ख्या जिल्ह्यात माझं अक्षर कोणी ओळखावं तर तिनं. तिनं कागद हातात घेतला, माझ्याकडं बघितलं — चांगलं बघितलं — आणि म्हणाली, नाही साहेब. नानांचं अक्षर नाही हे. मग काय, तिच्या तक्त्यात तिच्याशिवाय कोण खाडाखोड करणार? तिथंच लागला निकाल. मला काय वाटलं असेल? मी म्हटलं, एवढी साधी गोष्ट कळू नये बाईला! खरं सांगितलं असतं तर — तर सांगितलं असतं, ती मोकळी झाली असती. कोणी अडवलं होतं? तीन वर्षं मी रंजनाबाईला हेच सांगतो, की हिरीबाईला मी शहाणी समजत होतो, पण ऐन वेळी —

काय म्हणालीस?

नाही, ऐकू आलं. पुन्हा म्हण.

‘नानांचे चार महिने राहिलेत, जाऊ दे’ — असं म्हणाली? कधी? त्याच दिवशी, घरी येऊन? चुलीपाशी बसून. आणि तू तिथं होतीस. आणि नंतर कधी काही? — काहीच नाही. माझ्याबद्दल वाईटसुद्धा नाही. आणि आज तिनं तुला पाठवलेलं नाही? तिला माहीतच नाही तू इथं आलीस ते. हं. मी धरून चाललो होतो की तिनंच पाठवलं. मी तर मनात — असो.

मला कळत नव्हतं असं नाही, बेटा. बघितलं ना तिनं माझ्याकडं. असं बघितल्यावर कळतंच. पण मूर्ख समजलं की सोपं पडतं. शहाणी समजलं असतं तर मला त्याच खोलीत, तिथल्या तिथं उभं राहावं लागलं असतं.

पेन दे. नाही, ते माझं नको, टेबलावरचं. ते उघडलं की हात दुरुस्तीला जातो. तुझं दे, ते साधं. कुठं करायची, इथं? साहेबांचं नाव नाही यात. घालायला पाहिजे खरं म्हणजे, न्याय म्हणून. एक ओळ वाढेल फक्त, ‘वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार’ — मग आदेश कधी, कोणासमोर, ते आलं. मग जुलैला कोण होतं ते आलं. मग तुझ्या आईचं नाव खाली सरकत सरकत तिसऱ्या पानावर जाईल, मला माहितीये कसं जातं ते, मीच पाठवलीत अशी कितीतरी नावं. नको. राहू दे. ‘मी खोडले.’ आहे ते आहे.

हं. झाली. तारीखही टाकली. खाली पूर्ण पत्ता लिहिलाय, उद्या बोलावलं तर येईन म्हणावं. येईन मी. — येईन असं आत्ता तरी वाटतंय, त्यामुळं त्यावर विसंबू नका, कागद पुढं करा.

घे. लवकर घे, हातातून काढून घे माझ्या. मी परत वाचणार नाही. वाचलं तर सुधारीन, आणि मी सुधारलं म्हणजे काय होतं ते तू बघितलंयस. घडी घाल, पिशवीत ठेव, मला दिसेल असं धरू नको. नंदुरबारची बस अडीचला आहे, चौकातून रिक्षा मिळेल. चहा राहू दे, चहाला थांबलीस की मी बोलत बसेन. आईला माझा नमस्कार वगैरे काही सांगू नको. काही म्हणजे काहीच सांगू नको. बघत काय उभी राहिलीस? जा म्हटलं ना. जा.